ओठावर पुन्हा पुन्हा उठणारा जर : कारणं, औषधाची वेळ आणि घरात येणारं बाळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई ३३ वर्षांच्या, शाळेत शिक्षिका. दोन-तीन महिन्यांतून एकदा खालच्या ओठाच्या उजव्या कडेला, जवळपास त्याच जागी, बारीक पाण्याचे फोड येतात. ते फुटतात, खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत सगळं जातं. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, सब्जा प्या. दुकानातून एक मलम आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. इंटरनेटवर ‘हर्पीस’ हा शब्द वाचल्यापासून नवऱ्याला सांगायचीही भीती वाटते. त्यात नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, पुढच्या महिन्यात बाळ येईल. त्या बाळाला जवळ घ्यायचं की नाही?

ताई, आधी भीतीचं बघू, कारण ती डोक्यात असली की पुढचं काही नीट वाचलं जात नाही. तुम्हाला होतो तो जर, आणि तो हर्पीस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूमुळे उठतो हे खरं आहे. या विषाणूचे दोन प्रकार आहेत. ओठांवर येतो तो बहुतेक वेळा पहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे ६४ टक्क्यांच्या शरीरात हा पहिला प्रकार आहे. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो. आजीने, मावशीने, शेजारच्या काकूंनी कौतुकाने पापा घेतला, स्वतःच्या तोंडातला मऊ घास भरवला, तेव्हाच. तेव्हा हे उत्तर नवऱ्याला खुशाल वाचायला द्या. ओठावर जर उठला यावरून कोणाच्या वागणुकीबद्दल काहीही सिद्ध होत नाही, आणि बहुधा हा विषाणू त्यांच्याही अंगात आहे. फक्त त्यांच्या ओठावर तो कधी आलेला नाही. एक गोष्ट मात्र न लाजता सांगते. ओठावर जर असताना मुखमैथुन केलं तर तोच विषाणू जोडीदाराच्या जननेंद्रियांवर जाऊ शकतो. तेवढे दिवस ते टाळावं, चुंबनही.

पहिल्यांदा लागण होते तेव्हा बऱ्याच जणांना काहीच कळत नाही. काही मुलांना मात्र, साधारण सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात, चांगलाच त्रास होतो. ताप, लालभडक सुजलेल्या हिरड्या, तोंडभर फोड, सतत लाळ, पाणीसुद्धा प्यायला नकार. घरचे म्हणतात दात येताहेत. दहा-चौदा दिवसांत मूल बरं होतं आणि सगळे ते विसरून जातात. विषाणू मात्र गेलेला नसतो. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या धाग्यांमधून तो मागे सरकतो आणि कवटीच्या आत, साधारण कानाच्या पुढच्या बाजूला, त्या मज्जातंतूची जी गाठ असते तिथे जाऊन बसतो. तिथे तो वाढत नाही, त्रास देत नाही, म्हणूनच शरीराची प्रतिकारशक्ती त्याला हात लावू शकत नाही आणि औषधही त्याच्यावर चालत नाही. निमित्त मिळालं की त्यातला थोडा पुन्हा जागा होतो आणि त्याच धाग्यांनी खाली उतरतो. तुमची नेहमीची उजवी कड त्यामुळेच.

यातून एक कडू गोष्ट निघते. जर ‘मुळापासून’ घालवणारं औषध आज कुठल्याही पॅथीत नाही. लसही नाही. जो कोणी रक्तशुद्धीच्या नावाखाली तीन महिन्यांचा कोर्स देतो, त्याला दोन झटक्यांमधली शांतता फुकटात मिळते आणि तो तिचं श्रेय घेतो. दिलासा एवढाच की वय वाढतं तसे झटके सहसा विरळ होतात, आणि प्रत्येक झटका आवरता येतो. तो कधी आवरायचा, यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

आधी सासूबाईंच्या उष्णतेबद्दल. त्यांचं निरीक्षण अगदीच चुकीचं नाही. एप्रिल-मे महिन्यात माझ्याकडे जराचे रुग्ण वाढतात ते खरंच, पण त्याला कारण पोटातली उष्णता नसून ओठावर पडणारं ऊन असतं. उन्हातले अतिनील किरण हे जर उठवणारं एक पक्कं निमित्त आहे. द्राक्षबागेत दिवसभर राबणारी माणसं, बंदोबस्तावरचे पोलीस, क्रीडा शिक्षक, आषाढीच्या वारीत पहिले चार दिवस ढग न मिळालेले वारकरी, यांना म्हणून जास्त होतो. सब्जा प्यायला माझी हरकत नाही, पण त्याने ओठावरचं ऊन अडत नाही. ते टोपी, स्कार्फ किंवा पदर आणि एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेला लिप बाम अडवतो. तो दर दोन तासांनी, आणि चहा-जेवण झाल्यावर पुन्हा लावायचा.

ताप हे दुसरं जुनं निमित्त. ताप उतरता उतरता ओठावर जर उठला की घरात म्हणतात, आता ताप बाहेर पडला, माणूस बरा होणार. बऱ्याचदा तसंच होतं, कारण साध्या सर्दीतापातही जर उठतो आणि तो ताप तसाही जाणारच असतो. पण मलेरिया आणि न्यूमोनियामध्येही ओठांवर भरपूर जर उठतो, हे वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांपासून लिहिलेलं आहे. म्हणून थंडी वाजून ताप येतोय, धाप लागतेय आणि ओठावर जर दिसला म्हणून घरचे निश्चिंत झाले, असं होता कामा नये. तापाची तपासणी करायचीच.

याशिवाय पाळीच्या आधीचे दिवस, जागरण, मनावरचा ताण, दंतवैद्याकडे तोंड बराच वेळ ताणून धरावं लागणं, ओठ चावण्याची सवय. वरच्या ओठाचं थ्रेडिंग केल्यावर दोन-तीन दिवसांत जर उठलेल्या मुलीही मी पाहते. हल्ली ओठांना कायमचा रंग गोंदवून घेण्याची टूम आहे. ज्यांना जर उठतो त्यांनी हे करून घेण्याआधी त्वचातज्ज्ञाला विचारावं. आधीपासून विषाणूरोधक गोळ्या सुरू कराव्या लागतात, नाहीतर अख्खा ओठ फोडांनी भरतो. तुम्ही शिक्षिका आहात, तर मागच्या तीन-चार झटक्यांच्या तारखा आठवून बघा. पेपर तपासणी, स्नेहसंमेलन, मैदानावरचा क्रीडा सप्ताह, पाळी यातलं काहीतरी बहुधा जवळपास सापडेल. दरवेळी सापडेलच असं नाही. काही झटके विनाकारण येतात, आणि त्यांचं कारण शोधत एकेक पदार्थ बंद करत बसण्यात अर्थ नसतो. वांगं, अंडी, लोणचं सोडून जर थांबलेला मला तरी माहीत नाही.

आता मुख्य गोष्ट. जर दिसायच्या आधी जाणवतो. फोड येण्याच्या काही तास आधी, कधी एक-दीड दिवस आधी, त्या जागी मुंग्या येतात, चुरचुरतं, खाजतं, ओठ आतून ताणल्यासारखा वाटतो. आरशात काही दिसत नाही. तुम्हाला इतक्यांदा झालंय, म्हणजे ही खूण तुम्ही नक्की ओळखत असाल, फक्त तिच्याकडे ‘येतोय वाटतं’ म्हणून बघत बसत असाल. विषाणूची जोरदार वाढ याच वेळी सुरू असते. एक-दोन दिवसांत ती ओसरू लागते. पुढे दिसणारे फोड, त्यांचं फुटणं, ओली जखम, खपली हे बरेचसे शरीर स्वतःच निस्तरत असतं. लोक डॉक्टरकडे येतात ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कारण तेव्हा चारचौघं विचारायला लागतात. तोवर औषधाची वेळ बरीच निघून गेलेली असते.

यामागचं कारण औषधाच्या कामाच्या पद्धतीत आहे. असायक्लोव्हिर हे या रोगाचं मूळ औषध. बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत ते पुढे आलं, आणि त्या कामाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये वैद्यकाचं नोबेल मिळालं, जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर. (एलियनबाईंकडे पीएच.डी. नव्हती, हे मी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते.) असायक्लोव्हिर शरीरात शिरतं तेव्हा ते निष्क्रिय असतं. विषाणूचं स्वतःचं एक विकर (एन्झाइम) त्याला चालू करतं आणि मग ते विषाणूच्या डीएनएची नक्कल करण्याचं काम अडवतं. म्हणजे ज्या पेशीत विषाणू वाढतोय तिथेच ते प्रामुख्याने काम करतं, त्यामुळे ते बरंच सुरक्षित आहे. पण विषाणू वाढतच नसेल तर त्याला करायला काही उरत नाही. मज्जातंतूच्या गाठीत झोपलेला विषाणू आणि खपली धरलेली जखम, दोन्हीकडे ते निरुपयोगी.

मलम की गोळी? माझं मत स्पष्टपणे गोळीच्या बाजूने आहे. असायक्लोव्हिरचं ५ टक्क्यांचं मलम दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस लावायचं असतं. वेळेवर सुरू केलं तरी त्याने आजार अर्धा ते एक दिवस कमी होतो, उशिरा लावलं तर तेवढाही नाही. न्यूझीलंडमध्ये ९५२ प्रौढांवर झालेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात तिथल्या कानुका झाडाच्या मधापासून केलेलं वैद्यकीय दर्जाचं मलम आणि असायक्लोव्हिरचं मलम यांची तुलना केली, तर दोन्हींच्या परिणामात फरक आढळला नाही. मधाचे चाहते हा अभ्यास मला अधूनमधून पाठवतात. मला त्यातून मधाच्या थोरवीपेक्षा मलमाचा अशक्तपणा जास्त दिसतो.

गोळ्यांमध्ये व्हॅलासायक्लोव्हिर सोयीचं. प्रौढ माणसाला, मूत्रपिंड ठीक असेल तर, चुरचुर जाणवल्याबरोबर दोन ग्रॅम आणि बारा तासांनी पुन्हा दोन ग्रॅम, की उपचार संपला. एक ग्रॅमची गोळी घेतलीत तर एका वेळी दोन, अशा एकूण चार. एका दिवसाचा हा उपचार कळत नकळत पाच दिवस ओढत नेऊ नका. सोबत पाणी भरपूर प्या. फॅमसायक्लोव्हिर १५०० मिलिग्रॅम एकदाच घेण्याचाही पर्याय आहे. साधं असायक्लोव्हिर चालतं, स्वस्तही आहे, पण दिवसातून पाच वेळा ४०० मिलिग्रॅमची गोळी पाच दिवस आठवणीने घेणारा रुग्ण मला क्वचितच भेटतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर या सगळ्यांची मात्रा कमी करावी लागते. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. लगेच घाबरण्यासारखं त्यात काही नाही, गरोदरपणातला या औषधाचा अनुभव पुष्कळ आहे.

या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळायला नकोत, आणि रविवारी संध्याकाळी चुरचुर सुरू झाली तर डॉक्टर मिळत नाही. यावर उपाय एकच. तुम्ही धडधाकट असताना, ओठावर काहीही नसताना, डॉक्टरांकडे जा. मागच्या झटक्याचा फोनवर काढलेला फोटो दाखवा. चिठ्ठी घ्या, एका झटक्यापुरत्या गोळ्या आणून पर्समध्ये ठेवा. शाळेच्या कपाटात किंवा घरच्या फ्रीजवर नको, पर्समध्येच. घरी पोचेपर्यंतचे पाच-सहा तासही इथे मोलाचे असतात. सगळे झटके यामुळे फोडाआधीच विरतात असं मी म्हणणार नाही. काही विरतात, उरलेले लवकर आटपतात.

तुम्ही दुकानातून आणलेल्या मलमाची ट्यूब शोधा आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही असेल तर ती ट्यूब फेकून द्या. आपल्याकडे ‘खाज-बुरशी-इन्फेक्शन सगळ्यावर चालतं’ म्हणून जी मलमं हातोहात दिली जातात, त्यांत बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि जोरदार स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडमुळे लाली दोन दिवस कमी दिसते, माणूस खूश होतो, पण तिथली प्रतिकारशक्ती दबते आणि जर पसरतो, लांबतो. पुढे त्याच सवयीने चेहऱ्याची कातडी पातळ झालेले, सतत लाल होणारे रुग्ण सांभाळण्यात आमची निम्मी ओपीडी जाते. बी-कॉम्प्लेक्सने नुकसान नाही आणि जराला फायदाही नाही. लायसिनच्या गोळ्यांबद्दल हल्ली विचारतात. त्यांचे पुरावे फार कच्चे आहेत, पैसे वाचवा.

घरी काय करायचं ते थोडंच आहे. स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. ठणका असेल तर पॅरासिटामॉल. खपली तडकू नये म्हणून पेट्रोलियम जेली, घरचं ताजं साजूक तूपही चालेल, पण बरणीत बोट घालून लावायचं नाही. थोडं वेगळं काढून घ्या आणि कापसाच्या काडीने लावा. चुना, टूथपेस्ट, लिंबू, कोलनवॉटर, ब्लेडने फोड फोडणं यांनी जखम भाजते, डाग राहतो. तिखट आणि आंबट झोंबतं म्हणून टाळा, औषध म्हणून नव्हे. आणि लावण्याच्या आधी आणि नंतर हात धुवा. नंतरचं धुणं जास्त महत्त्वाचं, ते का ते पुढे येईल.

इथे थोडं थांबून एक शंका काढून टाकू, कारण तोंडाजवळचं प्रत्येक दुखणं जर नसतं. तोंडाच्या आत, गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या बाजूला पांढरा तळ असलेला दुखरा व्रण पडतो, ज्याला आपण तोंड आलं म्हणतो, तो वेगळा आजार. तो संसर्गजन्य नाही. दोन्ही कोपरे चिरतात, तोंड उघडताना फाटतात, ते बहुधा लाळ साचणं, बुरशी, नीट न बसणारी कवळी किंवा लोहाची नाहीतर बी गटातल्या जीवनसत्त्वांची कमतरता. बी-कॉम्प्लेक्सची खरी जागा असलीच तर तिथे. लहान मुलांच्या नाकाखाली, तोंडाभोवती पिवळट चिकट खपल्या पसरत गेल्या तर ते जिवाणूंचं काम, त्याला प्रतिजैविक लागतं. चेहऱ्याच्या एकाच बाजूला कपाळ, गाल किंवा हनुवटीवर पट्ट्याने फोड आणि असह्य आग असेल तर नागीण. तिचा विषाणू कांजिण्यांचा, उपचाराची मात्रा वेगळी, आणि मंत्र घालून घेण्यात पहिले तीन दिवस घालवले तर नुकसान ठरलेलं.

पण जराच्या नावाखाली सगळ्यात जास्त लपून राहते ती औषधाची ॲलर्जी. एक व्यापारी गृहस्थ माझ्याकडे आले होते. वर्षातून तीन-चारदा खालच्या ओठावर त्याच जागी फोड. अनेक वर्षं ते जर म्हणून मलम लावत होते. त्यांच्या ओठावर शाईचा ठिपका पडावा तसा काळा-निळा डाग होता. जर सहसा असा डाग ठेवत नाही. प्रवासात बाहेर खाणं होतं का, जुलाब होतात का, तेव्हा कोणती गोळी घेता, असं विचारत गेल्यावर उलगडलं. जुलाब झाले की ते दुकानातून ऑर्निडाझोल असलेली एक गोळी घेत, आणि त्यानंतर काही तासांतच ओठाची आग व्हायला लागे. गोळी कायमची बंद केली, फोड बंद झाले. मेट्रोनिडाझोल आणि त्याची भावंडं, सल्फाची औषधं, काही वेदनाशामकं हे करतात. त्याच जागी, औषधानंतर काही तासांत, बहुधा एकच मोठा फोड किंवा लाल चट्टा, आणि मागे उरणारा गडद डाग. हे चित्र दिसलं तर जराचं औषध सोडून आधी गोळ्यांचा हिशोब काढा.

आणि तंबाखू खाणाऱ्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाच्या ओठावरची, तीन आठवडे होऊनही न भरलेली जखम म्हणजे जर नाही. त्यावर कुठलंही मलम लावून वाट बघायची नाही, तुकडा काढून तपासायचा. तसंच न दुखणारा, कडक तळाचा एकच व्रण असेल तर उपदंशाची (सिफिलिसची) रक्ततपासणी करून घ्यावी लागते.

तुमच्या वर्णनात यातलं काही बसत नाही. तुमचा जरच.

आता बाळ. प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत. मोठ्यांसाठी किरकोळ असलेला हा विषाणू नवजात बाळाला, विशेषतः पहिल्या चार ते सहा आठवड्यांत, जिवावर बेतू शकतो. बाळाची प्रतिकारशक्ती तयार झालेली नसते, विषाणू यकृतात आणि मेंदूत पोचू शकतो. असं क्वचित होतं. पण झालं तर बाळाला शिरेतून असायक्लोव्हिर द्यावं लागतं, आणि तेही उशिरा सुरू झालं तर मूल वाचूनही मेंदूला इजा राहू शकते.

म्हणून ओठावर जर असताना, चुरचुर सुरू झाल्यापासून खपली पडून खाली नवी कातडी येईपर्यंत, बाळाला घेऊच नये हे उत्तम. पहिल्या दोन महिन्यांत तरी. घरात दुसरी माणसं आहेत, तुम्ही बाळंतिणीच्या जेवणाचं बघा, कपडे धुवा, रात्री बाकीची व्यवस्था बघा. बाळाला घेण्यावाचून गत्यंतर नसलंच तर मास्क, साबणाने कोपरापर्यंत धुतलेले हात, आणि बाळाचं तोंड आपल्या चेहऱ्यापासून दूर. जर नसताना बाळाला खुशाल घ्या, मांडीवर झोपवा. पण पापा नाही. हा नियम फक्त तुम्हाला लावला तर तो अन्यायही होईल आणि अपुराही पडेल, कारण ओठावर काहीच दिसत नसतानाही हा विषाणू लाळेतून अधूनमधून बाहेर पडत असतो आणि घरातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांकडे तो असण्याचीच शक्यता आहे. म्हणून घरात सगळ्यांना एकच नियम सांगा. पहिले दोन-तीन महिने बाळाचा पापा कोणीच घ्यायचा नाही, गालाचा नाही, हाताचा नाही (हात पुढे तोंडातच जातात). बारशाच्या दिवशी हे सांगणं अवघड जातं. पंचवीस बायका, प्रत्येकीला बाळ हवं. सासूबाईंना पुढे करा. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ हे वाक्य वापरायला माझी पूर्ण परवानगी आहे.

बाळंतिणीलाच जर उठला तर? दूध पाजणं थांबवायचं नाही. दुधातून हा विषाणू जात नाही. मास्क लावून, हात धुवून पाजावं, पापे टाळावेत. फक्त स्तनावर किंवा बोंडाजवळ फोड असतील तर त्या बाजूने पाजू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. नणंदेला आत्ता गरोदरपणी ओठावर जर उठला तर पोटातल्या बाळाला धोका नसतो. जननेंद्रियांवर फोड असतील, विशेषतः शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच आलेले, तर मात्र प्रसूतितज्ज्ञांना सांगायलाच हवं, कारण प्रसूती कशी करायची याचा निर्णय त्यावर ठरतो.

बाळ दूध ओढेनासं झालं, गळून गेलं, ताप आला किंवा अंग गार पडलं, अंगावर एखादा पाण्याचा फोड दिसला, आकडी आली, तर बालरोगतज्ज्ञांकडे तडक न्या आणि घरात कोणाला तरी जर होता हे आपणहून सांगा. ते न सांगितल्यामुळे निदानाला उशीर होतो.

हात धुण्याचं राहिलं होतं. ओठाला लावलेलं बोट डोळ्याकडे गेलं तर विषाणू बुबुळावर जाऊ शकतो. डोळा लाल, उजेड सहन होत नाही, पाणी, खुपल्यासारखं, असं काही वाटलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. घरात पडलेले थेंब टाकायचे नाहीत, त्यात स्टेरॉइड असेल तर बुबुळ कायमचं पांढरं होऊ शकतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर जर असेपर्यंत चष्मा घाला, आणि लेन्सला थुंकी लावणं कायमचंच सोडा. बोटाच्या पेराला फोड आला तर तो नखुरडं समजून चिरू नये, तो याच विषाणूचा असू शकतो.

आमच्या सांगली-कोल्हापूरकडे तालमी आहेत म्हणून हेही सांगते. कुस्तीत कातडीला कातडी घासते आणि जर गालावर, मानेवर, दंडावर पसरतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एका कुस्ती शिबिरात १९८९ साली १७५ पैलवानांपैकी ६० जणांना तो झाला होता. जर उठलेल्या पैलवानाने खपली सुकेपर्यंत जोर-बैठका माराव्यात, पण अंगाला अंग भिडवू नये. वस्ताद ऐकत नाहीत असा माझा अनुभव आहे, पण पूर्ण तालीमच फोडांनी बसली की ऐकतात.

ज्या मुलांना जुना इसब आहे त्यांच्यापासूनही जर असताना लांब राहावं, त्यांच्या अंगभर हे फोड पसरून ताप येतो आणि दवाखान्यात ठेवावं लागतं. केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण, एचआयव्ही किंवा बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्यांचा जर घरी बसून निस्तरायचा नसतो. आणि जरानंतर आठ-दहा दिवसांनी हातांवर, तळव्यांवर आत एक आणि बाहेर एक अशी वर्तुळं असलेले चट्टे आले, तर ती शरीराची जराला आलेली प्रतिक्रिया असते. तीही दाखवा.

रक्ततपासणी करू नका. ‘हर्पीस आयजीजी’, म्हणजे या विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची तपासणी, पॉझिटिव्ह येणारच, ते तुमच्या आजीचंही येईल. आयजीएम या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांवरून नवी लागण की जुनी हे खात्रीने कळत नाही, आणि अशा कागदामुळे मोडता मोडता राहिलेली लग्नं मी पाहिली आहेत. शंकाच असेल तर ताज्या फोडातल्या पाण्याची पीसीआर तपासणी करता येते. तुम्हाला तिची गरज नाही.

रोज गोळी घेऊन जर दाबून ठेवण्याचा उपायही आहे, व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा किंवा असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दोनदा, असा काही महिने. वर्षाला सहा किंवा जास्त झटके, किंवा थोडे पण फार जोराचे झटके असतील तर मी तो देते. तुमचे वर्षाला चार ते सहा होतात. आधी सहा महिने पर्समधल्या गोळ्यांवर काढून बघा, तारखा लिहून ठेवा. तेवढ्याने भागलं नाही तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. बाळ घरात असेपर्यंत झटका नकोच असं वाटत असेल, तर तेवढ्यापुरतं रोजच्या गोळीचं आत्ताच विचारायलाही हरकत नाही.

शाळेत जा. फळ्यासमोर उभं राहून शिकवल्याने मुलांना जर लागत नाही. शिक्षकांच्या खोलीत डबा वाटून खा, चमचा आणि पेला तेवढा आपला ठेवा. टॉवेल वेगळा ठेवा. ताट-वाटी वेगळी काढायची गरज नाही, साबणाने घासली की पुरतं. लिपस्टिक झटका चालू असताना लावू नका. लावलीच असेल तर ती कांडी टाकून द्या, नणंदेच्या हाती तर मुळीच देऊ नका.